मेणबत्ती पेटलेली आहे!

मागच्या गॅदरिंगला ‘चित्र पाहा, बोला’ स्पर्धेत मला पहिला नंबर मिळाला, हे हॉस्टेलवर बऱ्याच जणांना माहीत आहे. कारण बक्षिसाच्या पैशांतून अख्ख्या विंगला टपरीवर वडापाव मीच चारले होते. ते बक्षीस मला चुकीचं बोलल्याबद्दल मिळालं, हे मात्र आतापर्यंत तिघांनाच ठाऊक होतं : मी, माझा रूम पार्टनर आणि लायब्ररीतले काका. आज मॅगेझिनमधून सगळ्यांनाच सांगून टाकतो. आर्ट सर्कलने बक्षीस परत मागू नये, ते केव्हाच पचलं!

ज्यांनी स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एक चित्र दाखवतात, खाली चित्रकाराचं नाव आणि साल. तीन मिनिटं विचार करायला, पाच मिनिटं बोलायला. मला आलेलं चित्र होतं व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं, साल १८८९. एक टेबल, त्यावर कांदे, मेणबत्ती, पुस्तक, पाइप, पत्र, बाटली. बस्स. माणूस नाही, सूर्यफूल नाही, चांदण्यांचं आकाश नाही.

व्हॅन गॉग हे नाव वाचून मला हायसं वाटलं. ‘लस्ट फॉर लाइफ’ची एक कव्हर नसलेली प्रत आमच्या विंगमध्ये फिरत असते. ती मी निम्म्यापर्यंत वाचली होती. (आयर्व्हिंग स्टोनची ती १९३४ सालची कादंबरी आहे, चरित्र नव्हे, हेही तेव्हा डोक्यात नव्हतं.) कान कापला, वेड लागलं, शेवटी गोळी झाडून घेतली... पाच मिनिटांना एवढं भांडवल पुष्कळ झालं. माइक धरला आणि सुरू झालो. रिकामी बाटली म्हणजे रितं आयुष्य. कांदा म्हणजे डोळ्यांतलं पाणी. मिटलेलं पुस्तक म्हणजे कुणाला न कळलेलं मन. विझलेली मेणबत्ती म्हणजे जवळ आलेला मृत्यू. शेवटी आवाज जरा खाली आणला आणि या टेबलाशी बसणारा केव्हाच उठून गेला आहे, असं काहीतरी म्हणून थांबलो. टाळ्या! मागच्या रांगेतून मेकॅनिकलच्या पोरांच्या शिट्ट्या! परीक्षक मॅडमनी चष्मा काढून पुसला.

कार्यक्रम संपल्यावर हॉलमधल्या खुर्च्या आवरायला लायब्ररीतले काका आले होते. मला म्हणाले, “भाषण झ्याक केलंस रे. पण मेणबत्ती विझलीय म्हणालास ना? मला तर ती पेटलेली दिसली.”

“नाही हो काका, प्रोजेक्टरमुळे तसं वाटलं असेल तुम्हाला.”

“असेल बाबा. आमचे डोळे आता म्हातारे.”

रात्री रूमवर येऊन लॅपटॉपवर चित्र मोठं करून पाहिलं. मेणबत्ती पेटलेली आहे. चांगली ज्योत आहे तिला.

आता मी काय केलं होतं, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. लॅबमध्ये आपण सगळेच ते करतो. थिअरीप्रमाणे रिझल्ट किती यायला हवा ते आधी ठाऊक असतं, मग त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागून भरायची. ग्राफही छान सरळ येतो. मी चित्राचं तेच केलं. ‘वेडा, दुःखी चित्रकार’ हा रिझल्ट आधीच लिहून ठेवला होता, मेणबत्ती त्यात बसावी म्हणून विझवून टाकली. जर्नलमध्ये हे केलं तर सर निदान व्हायवात तरी पकडतात. चित्राबद्दल बोलताना पकडणारं कुणी नसतं, उलट टाळ्या मिळतात!

आपल्यापैकी निम्म्यांनी तरी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असेल, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून का होईना. स्थिरचित्राच्या पेपरला समोर किटली, एखादं वांगं, मागे चुण्या पाडलेलं कापड. तेव्हा ड्रॉइंगचे सर एकच धोशा लावायचे : कागदाकडे कमी, वस्तूकडे जास्त बघा. त्या किटलीचा ‘मूड’ काय आहे, हे कुणी विचारलं नाही. तिची सावली कुठं पडते ते विचारलं. आम्ही नाइलाजाने का होईना, पण बघत होतो. इथं इंजिनिअरिंगला येऊन अर्थ सांगायला शिकलो आणि बघायचं सोडून दिलं.

तर त्या रात्री ठरवलं की आता अर्थबिर्थ काही नाही, आधी यादी करायची. बशीत कांदे, त्यांतल्या काहींना हिरवे कोंब फुटलेले. पाइप आणि तंबाखू. पितळी वाटावी अशा दांडीत पेटलेली मेणबत्ती. लाखेची कांडी. एक पत्र, लिफाफ्यात. एक पुस्तक, त्यावर नाव वाचता येतं : ‘आन्युएर द ला सांते’, लेखक रास्पाय. हिरवट बाटली. एक मोठं किटलीसारखं भांडं. आणि हे सगळं ज्यावर मांडलंय तो चक्क ड्रॉइंग बोर्ड आहे! भाषणात मी त्याला ‘उजाड टेबल’ म्हणालो होतो. ज्या पोराने दोन वर्षं ड्रॉइंग बोर्डवर पत्ते खेळलेत, मॅगी खाल्लीय, त्याला ड्रॉइंग बोर्ड ओळखता येऊ नये!

रंगही पाहा. माझ्या आठवणीतलं चित्र काळपट होतं. खरं चित्र फिकं, उजळ, पिवळ्या-हिरव्या रंगांचं आहे, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी भरलेलं. अंधार औषधाला नाही. आकार साधारण ५० बाय ६४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ए-टू शीटपेक्षा जरासं मोठं. मूळ चित्र नेदरलँड्समध्ये ओटरलो इथल्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे.

यादी झाल्यावर मग तारखा पाहिल्या. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री आर्ल गावात व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला. त्याच्याबरोबर राहणारा गोगँ त्यानंतर पॅरिसला निघून गेला. ७ जानेवारी १८८९ ला व्हॅन गॉग हॉस्पिटलमधून आपल्या ‘पिवळ्या घरा’त परत आला. त्याच दिवशी भाऊ थिओला त्याने कळवलं की उद्यापासून कामाला लागतो, हात पुन्हा बसावा म्हणून आधी एकदोन स्थिरचित्रं करतो. हे चित्र त्याच महिन्यातलं आहे. म्हणजे मी ज्याला मृत्यूची चाहूल म्हणत होतो ते खरं तर सरावाचं चित्र होतं. आजारपणानंतर पुन्हा कॉलेजला आलेल्या मुलाने पहिल्या दिवशी साधी ऑर्थोग्राफिक काढून बघावी, तसं.

आणि ते पुस्तक! मी त्याला ‘न कळलेलं मन’ म्हणालो होतो. ते निघालं घरगुती औषधोपचारांचं पुस्तक. रास्पाय हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि राजकारणी, कापराचा भलताच पुरस्कर्ता, जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे कापूर. आता व्हॅन गॉगचं दोनच दिवसांनंतरचं, ९ जानेवारीचं पत्र बघा. झोप येत नाही म्हणून उशीत आणि गादीत भरपूर कापूर घालून झोपतो, तुलाही झोप आली नाही तर करून बघ, असं तो थिओला सांगतो. म्हणजे पुस्तक शोभेला ठेवलेलं नाही, वापरातलं आहे. झोप उडालेला माणूस, त्याचं औषधाचं पुस्तक, जेवणातला कांदा, त्याची तंबाखू, त्याचा बोर्ड, भावाकडून आलेलं पत्र आणि उत्तर बंद करायला लाख. टेबलाशी बसणारा उठून गेलेला नाही. तो समोर उभा राहून चित्र काढतोय!

इथं कुणी म्हणेल की मेणबत्ती पेटलेली असली म्हणून काय झालं, काढता काढता सहज काढली असेल. मलाही तसं वाटलं. मग त्याचंच १८८५ सालचं एक स्थिरचित्र सापडलं. त्यातही टेबल आहे, पुस्तक आहे, मेणबत्ती आहे. पण पुस्तक म्हणजे भलंमोठं उघडं बायबल. व्हॅन गॉगचे वडील धर्मोपदेशक होते, ते मार्च १८८५ मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने हे चित्र काढलं. बायबलच्या पुढ्यात हाताळून हाताळून झिजलेली एक छोटी पिवळी कादंबरी, झोलाची. तिच्या नावाचा अर्थ ‘जगण्यातला आनंद’. आणि या चित्रातली मेणबत्ती खरोखर विझलेली आहे. सगळं चित्र काळं-तपकिरी. म्हणजे विझलेली मेणबत्ती काढायची असली की तो विझलेली काढत होता. जुन्या डच चित्रकारांनी सतराव्या शतकापासून कवटी, घड्याळ, मेणबत्ती मांडून आयुष्य किती क्षणभंगुर ते सांगणारी चित्रं काढली होती, ती भाषा त्याच्या घरचीच. सव्वातीन वर्षांनी त्याच माणसाने ज्योत काढली, तर ती ज्योत मोजायला नको?

आता माझ्या भाषणाची बाजूही थोडी घेतो. आपण चित्राकडे शेवट माहीत असताना बघतो. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्याला पुन्हा झटका आला, मे महिन्यात तो सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला, २९ जुलै १८९० ला वारला. हे एकदा कळलं की कोंब आलेला कांदासुद्धा केविलवाणा दिसतो. पण जानेवारीतल्या त्या टेबलाला पुढचा जुलै ठाऊक नव्हता. चित्र त्या दिवसाचं आहे, त्याला त्या दिवसापुरतं बोलू द्यावं.

मग सगळं आनंदी आनंद आहे का? तसंही नाही. पत्राचंच घ्या. मार्टिन बेली नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने लिफाफ्यावरच्या पोस्टाच्या खुणा बारकाईने तपासून असं मत मांडलं की हे पत्र २३ डिसेंबरला, म्हणजे कान कापला त्याच दिवशी आलेलं असावं आणि त्यात थिओने योहाना बोंगरशी लग्न ठरल्याचं कळवलं असावं. व्हिन्सेंटचं रंग-कॅनव्हाससकट सगळं थिओच्या पैशांवर चालत होतं. भाऊ संसाराला लागला तर आपलं काय, ही धास्ती त्याला वाटली असेल, असं बेलींचं म्हणणं. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. पण ते खरं धरलं तर तेच पत्र धीर देणारंही आणि पोटात गोळा आणणारंही. ते त्याने लपवलं नाही, कांद्याशेजारी ठेवलं. माझ्या मते चित्राचा सगळा मूड इथं आहे. सुख नाही, रडगाणं नाही. ज्या ज्या गोष्टींना धरून उद्याचा दिवस काढायचा, त्या एका बोर्डवर मांडून ठेवल्यात. भीती वाटणारी गोष्टही त्यातच.

“कलेत चूक-बरोबर नसतं, ज्याला जे वाटेल ते” असं आमच्या कट्ट्यावर नेहमी म्हटलं जातं. मला हे पटत नाही. पत्र धीराचं की धास्तीचं, यावर दोन माणसं रात्रभर भांडू शकतात आणि दोघंही शहाणी असू शकतात. मेणबत्ती पेटलेली की विझलेली यावर नाही. पहिल्या प्रकारच्या भांडणात मजा आहे, पण तिथं पोचायला आधी दुसरा प्रश्न सुटलेला लागतो. आणि ही चूक फक्त आपल्यासारखी सबमिशनवाली पोरं करतात असंही नाही. मार्टिन हायडेगर हा केवढा मोठा जर्मन तत्त्वज्ञ! व्हॅन गॉगच्या बुटांच्या चित्रात त्याने शेतकरी बाईचे कष्ट, ओली माती, तिचं सगळं जग पाहिलं. १९६८ मध्ये मायर शापिरो या कला-इतिहासकाराने दाखवून दिलं की चित्राच्या काळात व्हॅन गॉग पॅरिसला राहत होता, बूट बहुधा त्याचे स्वतःचेच आहेत. शेतकरी बाई हायडेगरने स्वतःच्या मनातून आणली होती! हायडेगरचं लिखाण त्यामुळे टाकाऊ ठरलं नाही, अजूनही वाचलं जातं. पण त्या बुटांबद्दल काही कळायचं असेल तर मी शापिरोकडे जाईन.

आता पार्टनरची गोष्ट. ती लिहायला त्याने परवानगी दिली आहे, नाव न घालण्याच्या अटीवर.

सेकंड इयरला तो दोन महिने घरी होता. झोप लागत नव्हती, डोकं चालेनासं झालं होतं, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ऑगस्टमध्ये परत आला. कमी बोलायचा. टेबलावर त्याने ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकला होता आणि त्यावर त्याचा संसार : गोळ्यांची स्ट्रिप, आईने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा, पार्ले-जी, मिनी ड्राफ्टर आणि दारूची एक रिकामी बाटली. एका रात्री अकराला मी रूमवर आलो, तो टेबलावर डोकं ठेवून पडलेला होता. गोळ्या, बाटली, डोकं टेबलावर! मी बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याच्या वडिलांना फोन लावला. “काका, घाबरू नका, पण तुम्ही येता का?” एवढं ऐकल्यावर कोण घाबरणार नाही! ते रात्रीच्या एसटीने निघाले, सकाळी आठला हॉस्टेलच्या गेटवर हजर. हातात पिशवी, पायात घरातल्याच चपला.

पार्टनर तेव्हा आंघोळ करून शीट पूर्ण करत बसला होता.

बाटली त्याने विंगच्या कचऱ्यातून उचलून मनीप्लँट लावायला धुऊन ठेवली होती. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच घेतलेल्या. आणि बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावलेलं एक टाइमटेबल होतं, राहिलेल्या सबमिशनचं, आठ दिवस पेनने खोडलेले, पुढचे बारा बाकी. काकांनी ते पाहिलं, दोन लाडू खाल्ले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पार्टनर मात्र आठवडाभर बोलला नाही. मग एकदा मेसमध्ये म्हणाला, “फोन केलास त्याचा राग नाही. तसं कधी वाटलं तर परतही कर. पण आधी मला हलवून उठवायचंस ना! महिनाभर समोर बसतोस आणि टाइमटेबल दिसलं नाही तुला?”

खरंच दिसलं नव्हतं. गोळ्या आणि बाटली दिसली, बाकीचं मी पाहिलंच नाही. गॅदरिंगच्या रात्री मी त्याला मेणबत्तीचं सांगितलं तेव्हा तो कॉटवर लोळत हसला आणि म्हणाला, “म्हणजे परत तेच केलंस!”

तर आर्ट सर्कलला आणि कल्चरलच्या सरांना माझी सूचना. पुढच्या वर्षी स्पर्धा जरूर घ्या, पण नियम बदला. पहिली दोन मिनिटं चित्रकाराचं नाव आणि साल झाकून ठेवा. त्या दोन मिनिटांत स्पर्धकाने चित्रात काय काय आहे एवढंच सांगायचं, अर्थ नाही. एखादी वस्तू सुटली तर मार्क कट. मग नाव दाखवा आणि काय बोलायचं ते बोलू द्या. टाळ्या थोड्या कमी पडतील, चालेल. परीक्षकांच्या टेबलावर चित्राची छापील प्रत ठेवा, म्हणजे माझ्यासारख्याने मेणबत्ती विझवली तर तिथल्या तिथे कळेल. आणि परीक्षकांमध्ये लायब्ररीतल्या काकांना घ्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

बाटलीचं मात्र अजून ठरत नाही. कुणी ती वाइनची म्हणतं, कुणी ॲबसिन्थची. पार्टनरचं म्हणणं, धुऊन ठेवली असेल, कशाला तरी. मी म्हणतो, व्हॅन गॉग पीत होता हे खरं आहे, ते का लपवा? काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “मोठी प्रिंट मिळव आधी, मग बोलू.” लायब्ररीत मागणी नोंदवली आहे.